फिलाडेल्फियातील ती खोली

वक्तृत्वस्पर्धेत आनंदीबाई जोशी यांच्यावर बोलणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेस प्रयाण, १८८६ साली वैद्यकाची पदवी, १८८७ साली देहान्त. या तीन सनांत बहुधा भाषण आटोपते. मधल्या काळात ही मुलगी काय जेवीत असे, कोठे निजत असे, थंडीत काय नेसत असे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते विचारावयाचे तेच आहे.

फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले. १८६९ मध्ये तेथील विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात व्याख्यानास गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली व त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले. आनंदीबाई तेथे पोहोचल्या तोवर दिवस पालटले होते. कॉलेजला स्वतःची इमारत होती, रेचल बॉडले यांच्यासारख्या आस्थेवाईक प्रमुख होत्या, आणि परदेशी मुलीही शिकत होत्या. १८८५ च्या एका छायाचित्रात आनंदीबाईंसह जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली दिसतात. तिघीही आपापल्या देशी वेषात!

परंतु छायाचित्रात खोली दिसत नाही. आनंदीबाईंच्या खोलीतील ऊब देणारी शेगडी पेटविली की धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा. मांसाहार वर्ज्य, त्यामुळे त्या थंड मुलुखात जेवणाचीही आबाळ. नऊवारी नेसल्याने पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. आपल्या टोकरखाड्यात या साडीचे कोणास नवल वाटणार नाही. त्या काळच्या पुणेकरांच्या दृष्टीने मात्र तो लहान फेरफार नव्हता. मायेचा आधार होता तो रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंचा. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत.

पुढे क्षयाने त्यांना गाठले. क्षय जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखविले होते. नुसत्या थंडीने तो होत नाही. तथापि धूर, गारठा आणि अपुरे अन्न यांनी शरीर खचते, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. पदवीनंतर वर्ष पुरे होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. या हालांना 'त्याग' म्हणून गौरविण्याची रीत आम्हांस पटत नाही. शिकण्याची जिद्द ही आनंदीबाईंची. धुराची खोली ही त्यांच्या जिद्दीचा भाग नव्हे.

आज सिलवासातच वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते २०१९ साली सुरू झाले. तरीही खानवेल-मांदोनीकडची मुले घर सोडून वसतिगृहांत राहतात, आणि आपली कित्येक मुले सुरत-मुंबईस जातात. घरून फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न गुणांचा असतो. तो दुसरा असावा. आधी विचारावे, रात्री काय जेवलास, पांघरूण पुरते का, खोलीत वारा येतो का. आणि उत्तर उडवाउडवीचे वाटले, तर पालकांनी एकदा एस.टी.त बसून ती खोली स्वतः पाहून यावी.