शाकारणी की जीर्णोद्धार?

परवा माझ्या पुतण्याने आमच्या गाडीच्या विक्रीची जाहिरात लिहून पाठवली. वाचली आणि सवयीने लाल पेन हातात घेतले. चार ओळींत सहा चुका. शुद्धलेखनाच्या दोनच, बाकीच्या चार खोटेपणाच्या.

गाडी म्हणजे आमची फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची. ह्यांनी १९८७ मध्ये कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. नातेवाइकांपैकी निम्मे लोक तिच्यातून कधी ना कधी गणपतीपुळ्याला जाऊन आलेले आहेत, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. हे गेल्यावर सहा वर्षे मीच ती चालवली. आता माझे गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून विकायची.

पुतण्याने लिहिले होते, 'अनटच्ड, शंभर टक्के ओरिजिनल सर्व्हायव्हर. रिस्टोरेशन प्रोजेक्टसाठीही उत्तम.' मी त्याला फोन केला. म्हटले, "अरे, जिला कोणी हात लावलेला नाही ती, आणि जिचे सगळे नव्याने करायचे आहे ती, एकच गाडी कशी असेल?" तो म्हणाला, "काकू, जुन्या गाड्यांच्या बाजारात हे दोनच शब्द चालतात. पहिल्याने भाव चढतो, दुसऱ्याने गिऱ्हाईक येते."

म्हणून चार दिवस त्या बाजारातल्या जाहिराती वाचल्या. (निवृत्त माणसाला वेळच वेळ!) त्याचे खरे निघाले. एकीकडे कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी, दुसरीकडे पार मोडकळीला आलेली, कोणीतरी पुन्हा उभी करावी अशी. परदेशात म्हणे गोठ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेली गाडी सापडली की तिच्यावर उड्या पडतात. आमचीही गोठ्यातच असते. गाय गेल्यापासून गोठा तिचाच. पण ती हरवली कधीच नव्हती, त्यामुळे सापडण्याचा प्रश्न येत नाही.

अडचण अशी की आमची गाडी या दोन्ही रकान्यांत बसत नाही. ह्यांनी एक फाइल ठेवली होती, तिच्यात प्रत्येक बिल आहे. रत्नागिरीत समुद्राची हवा खारी, वर चार महिने पाऊस. इथे पत्रा आतून सडतो आणि वरचा रंग पुष्कळ दिवस आपल्याला फसवत राहतो. १९९३ मध्ये ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडला. चारही दारांच्या खालच्या कडा दोनदा बदलल्या. आंबा घाटात रेडिएटर इतक्यांदा उकळला की शेवटी तोही नवा आला. इंजिनचे काम एकदा झाले. आगोटीच्या कामांत, म्हणजे पापड-कुरडया आणि लाकूडफाटा भरण्याच्या सुमारास, गाडीला खालून जुने ऑईल फासून घ्यायचे हा आमच्या घरचा नेम होता. आता हिला अनटच्ड कसे म्हणायचे? हिला तर दरवर्षी हात लागलेला आहे, म्हणून तर ती आहे!

आपल्या कौलारू घरांची गोष्ट हीच. पावसाआधी घर शाकारायचे. फुटकी कौले काढायची, कुजलेली रीप बदलायची, बाकीचे जिथल्या तिथे. पन्नास वर्षांनी मूळची किती कौले उरली कोणी मोजत नाही, पण घर आजोबांचेच असते. आमच्या गाडीची ही शाकारणीच झालेली आहे. बाजाराला मात्र हा शब्द माहीत नाही. त्याला कळतो तो जीर्णोद्धार.

आणि जीर्णोद्धार कसा असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. लाकडी कोरीव खांबांचा सभामंडप पाडायचा, सिमेंटचा स्लॅब टाकायचा, स्नानगृहातल्यासारख्या फरश्या बसवायच्या, वर ऑईलपेंट. देव तोच, पण देऊळ कुठे गेले? मागच्या वर्षी एक 'रिस्टोर' केलेली फियाट पाहिली. लालभडक रंग, आतमध्ये चामड्यासारखे दिसणारे काहीतरी, स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली बसवलेला. मालक कौतुकाने सांगत होते, "एक इंच जुना ठेवला नाही." मी मनात म्हटले, तेच तर दिसते आहे.

सरसकट विरोध नाही हं. ज्या गाडीचा सांगाडाच सडला तिला नवे पत्रे लावावेच लागतील. पण आधी काय टिकले आहे ते पाहावे, मग काय बदलायचे ते ठरवावे. कॅलिफोर्नियात पेबल बीचला जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरते. तिथेसुद्धा मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. म्हणजे चकचकीत करणे हाच एक मान नव्हे, हे तिकडच्यांनाही उमगले आहे.

आपल्याकडे २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांची निराळी पाटी मिळते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. आमची २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. नव्या मालकाने ती पाटी घेतली तर गाडीला मान मिळेल, पण मिरकरवाड्याला मासळी आणायला जाता येणार नाही! पाटी घेतली नाही तर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी. वीस वर्षांवरच्या मोटारीला तिचे शुल्क २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे. नियम करणाऱ्यांची बाजू मला कळते, जुन्या इंजिनाचा धूर काही अत्तराचा नसतो. तरीही रोज थोडे थोडे वापरून जपलेल्या वस्तूला कुठेच रकाना नसावा, हे मला खटकते.

कारण पद्मिनी टिकली ती वापरामुळेच. १९६४ मध्ये फियाट डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती होऊ लागली, १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले, आणि २००० च्या आसपास कारखान्याने ती बंद केली. पण मुंबईत टॅक्सी म्हणून ती पुढे वीसेक वर्षे धावली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीवाल्यांनी कुठे संग्रहालय काढले होते? बिघडले ते नीट करायचे आणि पुढचे भाडे घ्यायचे. आमच्या गाडीचे सुटे भागसुद्धा कुर्ल्याच्या बाजारातूनच यायचे, ते त्या टॅक्सींच्या जिवावर. मुंबईच्या टॅक्सी संघटनेने एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी केली होती. मागणी योग्यच होती. मला आपले वाटते, ठेवायची झाली तर टपावरच्या कॅरियरसकट, पोचे आलेल्या दारासकट ठेवावी.

असो. पुतण्याची जाहिरात मी अशी दुरुस्त केली: 'प्रीमियर पद्मिनी, १९७८. दुसरे मालक. चालू स्थितीत. खालचा पत्रा, दारांच्या कडा, रेडिएटर बदललेले. इंजिनचे काम एकदा झालेले. सीट, डॅशबोर्ड आणि टपाचा रंग मूळचे. उजव्या मागच्या दाराखाली पुन्हा गंज आहे. सर्व बिले पाहायला मिळतील.' पुतण्या म्हणाला, "काकू, याने वीस-पंचवीस हजार कमी येतील." येऊ देत. पस्तीस वर्षे मुलांना जमाखर्च खरा मांडायला शिकवले, आता शेवटच्या हिशेबात गंज कसा लपवू?

आतापर्यंत दोघांनी विचारले. एकाला लग्नाच्या वरातीसाठी हवी आहे, आतले सगळे काढून नवे करणार, पैसे म्हणाल तितके. दुसरे गृहस्थ सांगलीचे. त्यांनी किंमत विचारायच्या आधी विचारले, "चोक किती ओढावा लागतो?" मी म्हटले, "थंडीत पूर्ण, उन्हाळ्यात अर्धा, आणि हात लगेच काढायचा नाही." ते रविवारी बघायला येणार आहेत. पुतण्याला सांगून ठेवले आहे, गाडी नुसती पाण्याने धू, पॉलिश मारू नकोस.