दिवाणखान्यातील जाझ

गिरगावातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. घर एकत्र, सासूबाई, थोरले व धाकटे दीर, जावा आणि मुले मिळून नऊ माणसे, दिवाणखाना मात्र एकच. धाकट्या दिरांचा मुलगा यंदा महाविद्यालयात गेला. त्याने चोरबाजारातून तबकड्या वाजविण्याचे एक जुने यंत्र आणले आणि त्यावर तो जाझ नामक अमेरिकी संगीत लावू लागला. रविवारी त्याचे दोन मित्र आपापल्या तबकड्या काखेत मारून येत, आणि तिघे मिळून ऐकत व वाद घालीत. सासूबाईंच्या मते हा गोंगाट. थोरल्या दिरांच्या मते हा हॉटेलांतला प्रकार, घरंदाज माणसांच्या घरात शोभणारा नव्हे. परिणामी यंत्र माळ्यावर गेले. भगिनी लिहितात की, आता मुलगा कानांत बोंडे घालून एकटाच ऐकतो, मित्र यावयाचे थांबले, आणि जेवावयास हाक मारली तरी त्यास ऐकू जात नाही. घरच्यांचे चुकले काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मते यंत्र माळ्यावरून खाली आणावे. परंतु एवढे सांगून थोरल्या दिरांचे समाधान होणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम, चारचौघांनी मिळून तबकडी ऐकणे आणि तिच्यावर चर्चा करणे हा प्रकार आपल्या घरांस नवा नाही. ज्या काळी ग्रामोफोन आळीत एखाद्याच घरी असे, त्या काळी नाट्यपदांची नवी तबकडी आली की शेजारपाजारची मंडळी दारात, जिन्यात उभी राहून ऐकत, आणि अमक्याची तान बरी की तमक्याची, यावर तबकडीपेक्षा वाद अधिक वेळ चाले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. तेव्हा दोन बाजूंच्या मध्ये बोलावयास सवड आपोआपच मिळे. आज ज्यास 'आल्बम' म्हणतात, तो शब्दही त्याच तबकड्यांचा आहे. अनेक तबकड्या एकत्र राहाव्यात म्हणून छायाचित्रांच्या वहीसारखी पाकिटांची बांधीव वही मिळे, ती आल्बम. 1948 मध्ये लांब वाजणारी तबकडी निघाली, वहीतला सगळा मजकूर तिच्या दोन बाजूंवर मावला, आणि वही गेली तरी नाव राहिले.

जाझचे रसिकही मुंबईत असेच एकत्र जमले. 1952 साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी 'ब्लू ऱ्हिदम' नावाचे केवळ जाझला वाहिलेले मासिक या शहरातून काढले. ते फार काळ चालले नाही. मासिक चालविणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु झवेरींचा छंद टिकला. 1978 साली त्यांच्याच पुढाकाराने धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली 'जाझ यात्रा' भरली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांनी उघड्या आकाशाखाली ऐकला. (2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यावर त्या रंगभवनातील रात्री संपल्या. शेजारी रुग्णालय व महाविद्यालय असता नियम अन्याय्य होता असे म्हणवत नाही. तरी हळहळ वाटते.) जुन्या तबकड्या जमविणाऱ्यांची एक संस्थाही, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, 1990 साली मुंबईतच निघाली. तेव्हा तुमच्या पुतण्याने व त्याच्या मित्रांनी काही जगावेगळे केले आहे, असे नाही.

आता 'हॉटेलांतला प्रकार' या आक्षेपाकडे वळू. तो अर्धा खरा आहे. 1935 साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकी वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. पुढे क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हेही तेथे वाजवू लागले. ऐकणारे होते साहेब, संस्थानिक आणि धनिक पारशी. गिरगावच्या मध्यमवर्गीय गृहस्थाचा त्या दारातून प्रवेश होण्याचा संभव नव्हता. परंतु या ताफ्यांकडून जाझ शिकले कोण? शिकले ते गोव्याचे वादक, आणि ते राहात होते आपल्या शेजारी. गिरगावातून पायी निघाले तर धोबी तलाव कितीसा दूर! तेथील जेर महाल इमारतीत व आसपास गोव्यातील एकेका गावाच्या 'कुडी' होत्या. गावचा माणूस नोकरीसाठी मुंबईत आला की अल्प भाड्यात तेथे पथारी टाकी. यांत खलाशी असत, आचारी असत, आणि व्हायोलिन व ट्रम्पेट वाजविणारेही असत. पोर्तुगीज अंमलात चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचावयास शिकवीत, त्यामुळे कागदावरचे संगीत वाचण्याची विद्या त्यांच्या हाती होती. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांच्यापैकीच. 'चिक चॉकलेट' या नावाने ते गाजले, आणि लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

याच चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आपल्या घरांनी ऐकला, आणि आवडीने ऐकला. मात्र तो जाझ आहे हे न जाणता. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी 1951 च्या 'अलबेला'त गोव्याच्या वादकांचा हा बाज मनमुराद वापरला. त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. नायक व दिग्दर्शक भगवान हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, दादरच्या वस्तीत वाढलेले. म्हणजे पुणतांबे, दादर आणि हळदोणे यांच्या मिलाफातून जे निघाले, त्यावर लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत सर्वांनी ताल धरला. थोरल्या दिरांनी तरुणपणी 'अलबेला'तील गाणी गुणगुणली नसतील, असे आम्हांस वाटत नाही. चित्रपटाच्या तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतदिग्दर्शकाचे असे. ज्याने वाद्यमेळ कागदावर उतरविला आणि ज्याने ट्रम्पेट फुंकला, त्यांची नावे बहुधा नसत. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांचे गुरू. त्यांनी 1958 साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर रचलेले वाद्यवृंदाचे संगीत सादर केले. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. आज त्यांचे नाव लोकांस ठाऊक आहे ते एका विनोदी चित्रपटगीतातील पात्राचे म्हणून! शेजाऱ्याची इतकी उपेक्षा आपण केली, आणि तीही त्याच्या संगीतावर नाचून.

सासूबाईंचा आक्षेप मात्र निराळा आहे आणि तो आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो. गोंगाट वाटतो, याचा अर्थ कान कोठे टेकवावा हे कळत नाही. यावर उपाय आहे, आणि तो पुतण्यापेक्षा सासूबाईंच्याच हाती अधिक आहे. कारण त्यांचा कान ख्याल-ठुमरीवर पोसलेला असणार.

घरात हार्मोनियम असेल तर ती जवळ घ्यावी आणि पुतण्यास माइल्स डेव्हिसची 1959 सालची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी लावावयास सांगावे. तिच्यातील पहिली रचना 'सो व्हॉट'. प्रारंभीच्या थोड्या संथ स्वरांनंतर बासचे जाड तारेचे वाद्य एक प्रश्न विचारते आणि इतर वाद्ये दोन स्वरांत त्यास उत्तर देतात. हे ध्यानात आले की निम्मे काम झाले. आता पांढरी दोन हा षड्ज धरून काफी थाटाचे स्वर वाजवावे, म्हणजे गंधार-निषाद कोमल. वादक नेमके याच स्वरांत फिरत आहेत असे आढळेल. चार-चार मात्रांचे सोळा खंड असे गेले की अकस्मात सर्वच अर्ध्या स्वराने वर सरकते. म्हणजे षड्ज काळी दोन झाला, काफी मात्र काफीच राहिला. आठ खंड तेथे, आणि पुन्हा आठ खंड मूळ षड्जावर. असे 32 खंडांचे आवर्तन फिरत राहते आणि ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन व पियानो एकामागून एक त्यावर आपली बढत करतात. ठरलेली बंदिश थोडी, उरलेले सर्व त्या क्षणी सुचलेले. आपल्या बैठकीत याहून वेगळे काय होते? फरक आहे तो षड्ज हलण्याचा. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानास हा प्रथम मोठा धक्काच वाटतो. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गवयांनी ही रचना दोनदा ऐकून इतकेच म्हटले की, "घर बदलले, पण भांडी तीच." याहून चांगले रसग्रहण आम्ही वाचलेले नाही.

यानंतर लुई आर्मस्ट्राँगची 1928 सालची 'वेस्ट एंड ब्लूज' लावावी. ती तीन मिनिटांहून थोडी मोठी आहे, म्हणजे जुन्या नाट्यपदाएवढीच. आरंभी ट्रम्पेट एकटाच, ठेक्यावाचून. हा आलाप समजावा. पुढे बारा खंडांचे, 48 मात्रांचे आवर्तन सुरू होते. मध्ये आर्मस्ट्राँग स्वतः गातो, पण शब्द नाहीत, नुसते निरर्थक बोल; ज्यांनी नोमतोम ऐकले आहे, त्यांनी तरी यास हसू नये. शेवटी तो एक वरचा स्वर सुमारे सोळा मात्रा धरून ठेवतो, आणि मग तेथून जो उतरतो! येथे घरातील कोणाच्या तोंडून दाद निघाली नाही, तर यंत्र खुशाल पुन्हा माळ्यावर टाकावे.

मुलांसाठी डेव्ह ब्रुबेकच्या 'टाइम आऊट'मधील 'टेक फाइव्ह' योग्य. ही पाच मात्रांची चाल आहे, तीन आणि दोन अशी. झपतालाचे दोन-तीन ज्यास येते, त्याने हातावर मोजून पाहावे. ब्रुबेक 1958 साली मुंबईस आला होता आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला. ड्यूक एलिंग्टनही 1963 साली येऊन गेला. त्याच्या 'फार ईस्ट स्वीट'मध्ये दिल्लीच्या साळुंकीवर एक रचना आहे. तीत क्लॅरिनेट मधूनमधून पक्ष्याची शीळ घालते. लहान मुले ती लगेच ओळखतात.

सर्वच तबकड्या अशा गोड लागतील, असे नाही. दहा-दहा मिनिटे एकट्या ढोलवाल्याने बडविलेले प्रकार आम्हांस अद्याप सोसत नाहीत, आणि तसे सांगण्यास संकोच वाटत नाही. जाझ व हिंदुस्थानी संगीत यांची मोट बांधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतही गूळ-पाणी वेगळे राहिलेले पुष्कळ. लंडनमध्ये जो हॅरियट व जॉन मेयर यांची 'इंडो-जाझ स्वीट' 1966 साली निघाली. तिच्यात तबल्यावर आपले केशव साठे आहेत, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. रचना आम्हांस जागोजागी ताठर वाटते. दोन मंडळी एकमेकांस "आधी आपण" म्हणत दारातच उभी राहावीत तशी. परंतु मुंबईचा एक मराठी तबलजी सातासमुद्रापार सॅक्सोफोनच्या संगतीस बसून ठेका किती स्वच्छ ठेवतो, हे ऐकण्यासाठी तरी ती लावावी. याउलट त्रिलोक गुर्टू यांची 1988 सालची 'उस्फ्रेट'. हे शोभा गुर्टूंचे चिरंजीव. आणि या तबकडीत खुद्द शोभाताई गायल्या आहेत, डॉन चेरीचा ट्रम्पेट बरोबर आहे. आई ठुमरीच्या अंगाने स्वर लावते आणि मुलगा आपल्या निराळ्या वाद्यांचा पसारा मांडून तिच्याभोवती लय विणतो. कोणी कोणास माळ्यावर टाकलेले नाही.

रविवारच्या बैठकीस थोडा नियम असावा. एकाने एकच बाजू लावावी, सुमारे वीस मिनिटांची. ती चालू असता कोणी बोलू नये, लावणाऱ्याने तर मुळीच नाही; तरुण रसिकांस मध्येच "आता ऐका हं" म्हणण्याची फार खोड असते. बाजू संपल्यावर प्रत्येकाने काय ऐकले ते सांगावे, बरे-वाईट नंतर. आणि पाळी सर्वांची असावी: पुतण्याने दोन बाजू लावल्या तर तिसरी सासूबाईंची, मग ती बालगंधर्वांची असो की हिराबाईंची, आणि मुलाच्या मित्रांनीही ती तितक्याच निमूटपणे ऐकून तिच्याविषयी बोलावे. थोरल्या दिरांस 'अलबेला' लावण्याची मुभा असावी. यंत्राची सुई मात्र आधी तपासून घ्यावी. माळ्यावर धूळ फार असते, आणि जुन्या सुईने नवी तबकडी एका दुपारीत खराब होते.