असमान गोळ्या आणि आपले घाईचे निष्कर्ष

पावसाळा ओसरला, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील दुर्गप्रेमींच्या गटांवर एका ठरावीक प्रकारचे छायाचित्र फिरू लागते. तळहातावर शिशाच्या पाच-सहा गोळ्या, शेजारी मोजपट्टी आणि खाली निर्णय : मोठी गोळी पोर्तुगीजांची, लहान मराठ्यांची, मधली इंग्रजांची. माझ्या मते ही पद्धत मुळातूनच सदोष आहे. धागा थोडा लांब होईल, पण विषय तेवढा सोपा नाही.

मोह का होतो, हे समजण्यासारखे आहे. आपल्या परिसरात सैन्ये खरोखरच एकावर एक आली. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला ठाण्याचा कोट १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी. (आज त्याच कोटात मध्यवर्ती कारागृह आहे.) त्यामुळे तीन आकार दिसले, की तीन सत्ता डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु तीन आकार एकाच दुपारी, एकाच ओताऱ्याच्या हातून, एकाच साच्यातूनही निघू शकतात.

गोळी एकेक ओतणे फार वेळखाऊ. म्हणून एका वेळी अनेक गोळ्या निघतील असे साचे केले गेले : धातूचे किंवा दगडाचे दोन भाग, प्रत्येकात अर्धगोल घरांची रांग आणि वरून शिसे ओतण्याच्या वाटा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साधी भट्टी, मूस आणि पळी पुरते. अवघड भाग असतो साच्याचा. प्रत्येक घर वेगळे कोरलेले असते आणि कोरणारे पाते प्रत्येक घरागणिक झिजते. म्हणून पहिले व शेवटचे घर तंतोतंत सारखे असण्याची खात्री मुळीच नसते. हा झाला साच्याचा जन्मजात दोष. आता वापरातले दोष पाहू.

बिजागरीच्या साच्यात दोन्ही भागांमध्ये शिशाचा एखादा थेंब अडकला, तर साचा पूर्ण मिटत नाही. फट बिजागरीपाशी बारीक राहते आणि टोकाकडे वाढत जाते. परिणामी एकाच ओतणीत गोळ्या क्रमाने फुगत जातात. मात्र त्या सर्व बाजूंनी फुगत नाहीत, फक्त जोडरेषेच्या आडव्या दिशेने फुगतात आणि जोडावर शिशाचा पातळ पापुद्रा राहतो. अशी गोळी कॅलिपरने एकदाच मोजणे व्यर्थ. जोडरेषेच्या प्रतलात एकदा आणि तिच्या आडवे एकदा, असे दोनदा मोजावे. दोन्ही मापे सारखीच मोठी असतील, तर घर खरोखर मोठे कोरलेले होते. एकच माप मोठे असेल, तर साचा नीट मिटला नव्हता.

उष्णतेचा दोष निराळा. रांगेच्या टोकाची घरे लवकर निवतात, मधली ऊब धरून राहतात. थंड घरात शिसे कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच गोठते, पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात आणि गोळी अपुरी राहते. शिवाय शिसे गोठताना आकसते. ओतण्याची वाट आधी गोठली, तर आत पोकळी राहते. अशा गोळीचा व्यास बरोबर भरतो, पण वजन कमी.

म्हणून माझा आग्रह वजनाचा आहे. १७ मिलिमीटर व्यासाची शुद्ध शिशाची भरीव गोळी सुमारे २९ ग्रॅम भरते आणि १७.२ मिलिमीटरची सुमारे ३०. मोजपट्टीवर ०.२ मिलिमीटर कोणाला दिसणार? तराजूवर तो एक ग्रॅम स्पष्ट दिसतो. बंदुकीच्या जगात हा विचार जुनाच आहे : '१२ बोअर' म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्यांपैकी एकीच्या व्यासाची नळी. अर्थात, जमिनीत शतके पडलेल्या गोळीवर पांढरा थर चढतो आणि लक्ष्यावर आदळलेली गोळी चेपते. अशा गोळीच्या व्यासावर काहीही उभे करू नये.

असमान गोळ्या दिसल्या, की 'आपले कारागीर मागासलेले' असा सूर लावणारेही भेटतात. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा लहानच ठेवावी लागे, कारण काळ्या दारूचा मळ दर बाराला नळीत साचतो आणि घट्ट गोळी ठासताना अडकते. इंग्रजांच्या 'ब्राउन बेस'ची नळी सुमारे ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच होती. जिथे दीड मिलिमीटर मोकळीक हेतुपुरस्सर ठेवलेली, तिथे साच्याचा दशांश मिलिमीटर चुकला म्हणून लढाई हरत नाही. हा निष्काळजीपणा नव्हता, कामापुरता अचूकपणा होता. मोठी भीती उलट बाजूची असे : फुगलेली एक गोळी ऐन वेळी बंदूक निकामी करू शके.

इंग्रज कंपनी शिसे हिंदुस्थानात आणून विकत असे. विकणाऱ्याचे आणि विकत घेणाऱ्याचे शिसे एकच असू शकते, म्हणून धातूवरूनही सत्ता ओळखण्याची घाई नको.

आणि मुख्य गोष्ट. त्या छायाचित्रातली गोळी तळहातावर आली, तेव्हाच तिचा अर्धा पुरावा गेला. कोणत्या थरात, तटाच्या आत की बाहेर, शेजारी ओतकामाचे तुटके देठ किंवा पापुद्रे होते का, हे सांगायला आता काही उरलेले नाही. देठांसह सापडलेल्या असमान गोळ्या म्हणजे तिथे ओतकाम झाल्याची खूण. त्याच गोळ्या प्रदर्शनात 'शिवकालीन' म्हणून विकायला मांडल्या, की उरते फक्त शिसे. कायदाही आहे : जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो. दहा रुपयांची ती मर्यादा वाचून हसू येते, पण गडावर सापडलेली गोळी खिशात टाकणाऱ्याला ती पुरेशी आहे.

तेव्हा गोळी दिसली, तर जागच्या जागी छायाचित्र घ्या, शेजारी नाणे ठेवा, स्थान नोंदवा, पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि कृपया छायाचित्राखाली कोणाची गोळी, ते लिहू नका.