गिधाडे कुठे गेली?

परवा नातवाला जटायूची गोष्ट सांगत होतो. मध्येच त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही खरं गिधाड पाहिलंय?"

पाहिलंय म्हणजे काय! आमच्या लहानपणी गावात ढोर मेले की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. थोड्याच वेळात आभाळात घिरट्या सुरू होत आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरे. "गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार आहे" हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. पण माळावरची गिधाडे कधी नाहीशी झाली, हे माझ्याही लक्षात आले नाही.

कारण पुढे वर्तमानपत्रात वाचले. १९९० च्या दशकात जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिल्यावर लगेचच्या दिवसांत जनावर मेले, तर त्याचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. हे २००४ साली सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारामागे जेमतेम एक उरले.

आमच्या बैलाचा पाय सुजला, त्याला उठता येईना, तेव्हा मीच धावत जाऊन डॉक्टरांना आणले होते. इंजेक्शन कसले, ते विचारले नाही. तिसऱ्या दिवशी बैल गेला. रीतीप्रमाणे माळावर नेऊन टाकला.

निसर्गाचा नाश म्हटले की आपण कारखानदारांकडे आणि जंगल तोडणाऱ्यांकडे बोट दाखवतो. ते चूक नाही. पण इथे हाव कुणालाच नव्हती, होती ती बैलाबद्दलची माया. बैलाच्या पलीकडे मात्र कुणी पाहिले नाही. माझ्या मते हावेइतकेच हे अर्धवट पाहणेही घातक आहे.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर भारतात बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध मिळाले. बैलांचे काही अडले नाही. मग ही तपासणी आधीच का होऊ नये? २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर बंदी घालावी लागली, तीही ती बाजारात रुळल्यावर. आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते! गेलेली संख्या भरून यायला किती पिढ्या जातील, तुम्हीच हिशेब करा.

असो. नातवाला मी "हो, पुष्कळ पाहिलीत" एवढेच सांगितले. बैलाची हकिकत सांगायचा धीर झाला नाही. मोठा झाल्यावर त्याने ती इथे वाचावी, म्हणून लिहून ठेवली.