गिरणीची चिमणी राखली, कामगार कुठे गेला?

मुंबई आणि परिसरात सध्या 'हेरिटेज' हा शब्द परवलीचा झाला आहे. वास्तुविशारदांच्या नामांकित कंपन्या आपली कामे लोकांपुढे मांडताना एका बाजूला नव्या रेस्टॉरंटची सजावट दाखवतात आणि दुसऱ्या बाजूला ऐतिहासिक इमारतींचे नूतनीकरण. हळूहळू ही दोन्ही कामे एकच होऊन बसली आहेत. जुनी गिरणी किंवा जुने गोदाम घ्यायचे, गिलावा खरवडून विटा उघड्या करायच्या, लोखंडी खांबांना काळा रंग द्यायचा, पिवळे दिवे टांगायचे आणि खाली जेवणाची टेबले मांडायची. इमारत वाचली, मालकाला भाडे सुरू झाले, कौतुकही छापून आले. सगळे खूश.

इमारत वाचते याला आमचा विरोध नाही. पाडून टॉवर उभा करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. परंतु वाचले ते नेमके काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. कारण ज्या विटा उघड्या करून दाखवल्या जातात, त्या विटांमध्ये आमच्या आज्या-पणज्यांचा घाम आणि अपमान दोन्ही मुरलेले आहेत.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेच पाहा. या गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, अस्पृश्य कामगारांना काम मिळत नसे. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धाग्याला सवर्ण कामगार हात लावणार नव्हता. साचेखात्यात पगार जास्त होता. तो दरवाजा बंद असल्यामुळे आमची माणसे कमी पगाराच्या खात्यांत खितपत पडली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमका हाच सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. भांडवलदाराविरुद्ध एकजूट मागता, मग साचेखात्याचा दरवाजा आमच्यासाठी का उघडत नाही? संघटित कामगार चळवळीच्या इतिहासातील हा एक कळीचा प्रसंग आहे. आज गिरणीच्या जागेत थाटलेल्या एखाद्या उंची रेस्टॉरंटच्या भिंतीवर तो लिहिलेला कोणी पाहिला आहे काय? तेथे जुन्या यंत्राचे चाक शोभेसाठी टांगलेले असते. चाक चालवणाऱ्याचे नावनिशाण नसते.

ज्या जागी कामगाराचे तोंड विटाळ मानले गेले, त्याच जागी आज लोक पैसे मोजून तोंड गोड करतात, हा काळाचा न्याय आहे असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. अन्याय झाला होता हे सांगितलेच नाही, तर न्याय झाला हे कळणार कोणाला?

उपाहारगृह ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. हॉटेलात वेगळी कपबशी, बाहेर बसून प्यायचा चहा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगलेले आहे. म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेल, विहिरी, तलाव, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. १९५५ च्या ज्या कायद्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, त्याच्या कलम ४ मध्ये उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला आहे. जगातल्या किती देशांना भांड्यांसाठी कायदा करावा लागला असेल? तेव्हा रेस्टॉरंटची रचना करणाऱ्या वास्तुविशारदाने हे समजून घ्यावे की, या देशात चार अनोळखी माणसांनी एका टेबलाशी बसणे हीच मुळात एका क्रांतीची फलश्रुती आहे.

गिरण्यांच्या जागेचा हिशेब तर अजून पुरा झालेला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी ढोबळ वाटणी होती. २००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि जनतेच्या पदरी पडणारी जमीन आक्रसली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. त्याच गिरणगावात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारातील एका इमारतीच्या गच्चीवरील रेस्टॉरंटमध्ये आग लागून १४ माणसे मृत्युमुखी पडली. सजावट होती, सुरक्षितता नव्हती. मालक, कंत्राटदार आणि परवाना देणारे कार्यालय यांच्या साखळीत माणसाचा जीव सर्वांत स्वस्त ठरला.

आता कायद्याकडे येऊ. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे. इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी दिली जाते. ही श्रेणी केवळ कमानी आणि घुमट पाहून द्यावी असे नियमात कोठेही नाही. सामाजिक व आर्थिक इतिहास, नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी असलेला संबंध, हेही निकष आहेत. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पण समित्यांवर बसणाऱ्यांची नजर गॉथिक खिडकीवरून खाली चाळीपर्यंत येत नाही. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन दशके राहिले. त्या खोलीचे महत्त्व मोजायला दगडाची जात पाहून कसे चालेल?

दोष केवळ इतरांचा आहे असेही नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस जमीनदोस्त करण्यात आले. ते बाहेरच्या शत्रूने पाडले नाही. समाजाच्याच ट्रस्टच्या पुढाकाराने, नव्या बहुमजली इमारतीसाठी ते पाडले गेले. इमारत धोकादायक असल्याचे कारण सांगण्यात आले. त्याविरुद्ध १९ जुलै २०१६ ला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. ७ जुलै २०२० ला राजगृहावर तोडफोड झाली तेव्हाही समाज पेटून उठला. १ जुलै २०२४ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या विरोधात लोक उतरले आणि सरकारला काम थांबवावे लागले. या तिन्ही प्रसंगांतून एकच बोध होतो. आपण वारसा घाव बसल्यावर आठवतो. घाव बसण्यापूर्वी त्याची नोंद, नकाशा, कागद आपण करून ठेवत नाही. मोर्चा काढायला लाख माणसे येतात, महापालिकेत हरकत नोंदवायला दहा येत नाहीत.

बाबासाहेबांना इमारतीचे मोल कळत होते. वास्तुकलेवरील पुस्तके अभ्यासून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, आणि ते मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. त्या बांधकामात बाबासाहेबांनी स्वतः लक्ष घातले. इंदू मिल म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत घुसले म्हणून ती जागा स्मारकासाठी मिळाली. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले आणि पुढे काम वर्षानुवर्षे लांबत गेले. पुतळ्याच्या उंचीची चर्चा पुष्कळ झाली. त्या जमिनीवर राबलेल्या गिरणी कामगाराची आठवण त्या स्मारकात किती असेल, याची चर्चा आपणही केली नाही.

आता आमच्या मीरा-भाईंदरचे. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या असलेले हे शहर. गिरणगावातून, चाळींतून उठलेली कितीतरी कुटुंबे येथे येऊन वसली. शहराचा इतिहास म्हटला की घोडबंदर किल्ला, चौकचा धारावी किल्ला आणि चिमाजी अप्पांची वसई मोहीम, एवढ्यावर गाडी थांबते. पोर्तुगीजांनी बांधलेला घोडबंदर किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, हे अभिमानाने सांगावेच. पण इतिहास १७३७ ला सुरू होत नाही. खाडीपलीकडे सोपारा आहे. तेथील स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तेथेच मिळाले. दक्षिणेला कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. सोपारा, कल्याणच्या उपासकांनी तेथे दाने दिल्याचे शिलालेख सांगतात. या दोहोंच्या मधोमध आपले शहर वसलेले आहे. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला, तिकडे भाईंदरहून उत्तनमार्गे रस्ता जातो. ही सलग धम्मपरंपरा शहराच्या एकाही चौकातील फलकावर का नसावी? मिठागरांत उन्हात राबलेल्या आगरी, कोळी, आदिवासी माणसांचा इतिहास कोण लिहिणार? उद्या एखादे जुने मिठाचे गोदाम रेस्टॉरंट होईल, नाव 'सॉल्ट' असेल आणि मीठ काढणारा मात्र दारावरच्या रखवालदाराच्या नोकरीवर असेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. महापालिकेने शहराची वारसा यादी करताना श्रमिकांची स्थळे त्यात घ्यावीत. वारसा समितीवर वास्तुविशारदांबरोबर सामाजिक इतिहासाचा अभ्यासक आणि स्थानिक समाजांचे प्रतिनिधी असावेत. जुन्या इमारतीचा वापर बदलून व्यवसाय करायचा असेल, तर तेथे कोण राबले याचा फलक दर्शनी भागात लावण्याची अट परवान्यात घालावी. आणि अग्निसुरक्षेत सवलत कोणालाही देऊ नये.

समाजबांधवांनाही आमचे सांगणे आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे, तो वापरा. वस्तीतील जुने विहार, वाचनालय, सभा भरलेले मैदान यांची छायाचित्रे, सातबारा, मिळकत पत्रिका जपून ठेवा. विहाराला नवी फरशी बसवण्यापूर्वी जुन्या कोनशिलेवरची नावे उतरवून घ्या. आपली हुशार मुले डॉक्टर, इंजिनिअर होतात, काही वास्तुविशारदही व्हावीत. नकाशा काढणाऱ्याच्या हातात पेन्सिल असते, आणि कोणते नाव नकाशावर राहील हे ती पेन्सिल ठरवते. ती पेन्सिल आता आपल्या मुलांच्या हाती आली पाहिजे.

जयभीम!