पायी येणारे जल

जुने सण आजच्या काळात कसे पाळावेत, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे त्याचे एक उत्तर सापडते. पौष अमावास्येच्या रात्री तेथे गोंडांच्या मेसराम कुळाची नागोबाची महापूजा असते. तिच्यासाठी कुळातील मंडळी जन्नारमकडील हस्तिनमडुगूपर्यंत अनवाणी चालत जातात आणि गोदावरीचे जल आणतात. रस्ते डांबरी झाले, मोटारी आल्या. जल मात्र आजही पायीच येते. पूजेनंतर नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. त्या भेटीवाचून सुनेला कुळाच्या देवकार्यात स्थान नाही.

नव्याला या मंडळींनी दार बंद केलेले नाही. १९४० मध्ये कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर त्याच दशकात मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने आदिवासींची गाऱ्हाणी ऐकणारा दरबार या जत्रेत भरू लागला. जुन्या देवळाच्या जागी कुळाने स्वतःच्या वर्गणीतून दगडी मंदिर उभारले. २०२२ मध्ये ते पुरे झाले.

सणातला जो भाग कष्टाचा, तो आपण सोयीसाठी सर्वांआधी गाळतो. केसलापूरला तोच सर्वांआधी जपला जातो.