चावा आठवत नाही, ताप मात्र हटत नाही

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या पॉली मरे या गृहिणीच्या घरात वर्षानुवर्षे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर चट्टे उठत, सांधे सुजत, ताप येई. डॉक्टर बदलले, तपासण्या झाल्या, पण निदान काही होईना. बाईंनी मात्र एक काम नेटाने केले. कुणाला, कधी, काय झाले याची नोंद त्या ठेवत गेल्या. १९७५ मध्ये त्यांनी आणि ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले, की गावातल्या इतक्या मुलांना एकाच वेळी संधिवात होणे काही खरे नाही. येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर तपासाला लागले. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात त्याचा जिवाणू सापडला आणि १९८२ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. हाच लाइम रोग.

इंदूरच्या मंडळाच्या पानावर हे कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स भागात आहेत आणि आई-वडील नातवंडांसाठी मे ते ऑगस्ट तिकडे जातात. त्या भागात लाइमचे रुग्ण सर्वाधिक आणि ऋतूही नेमका तोच. अमेरिकेत दर वर्षी सुमारे पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. घरामागचे गवत, पानांचा ढीग, बागेची कड एवढे गोचिडीला पुरते. गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावा दुखत नाही. त्यानंतर ३ ते ३० दिवसांत चट्टा उठतो आणि हळूहळू पसरतो. तोवर आजी-आजोबा इंदूरला परतलेले असतात. इथे तो चट्टा गजकर्ण समजून मलम लावले जाते आणि विमानप्रवासाचा विषय निघतच नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. पुस्तकांतली चित्रे गोऱ्या कातडीवरची, लालभडक, मधे फिकट वर्तुळ असलेली. सावळ्या अंगावर तोच चट्टा जांभळट किंवा नुसता गडद दिसतो. शिवाय दर चार-पाच रुग्णांपैकी एकाला तो उठतच नाही. रक्ताची तपासणी करावी, तर पहिल्या काही आठवड्यांत ती बहुधा निर्दोष येते, कारण शरीरात प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून चट्टा आणि प्रवास एवढ्यावरच जाणकार डॉक्टर उपचार सुरू करतात. साध्या प्रतिजैविकाच्या १० ते १४ दिवसांच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला, तर तोंड एका बाजूला वाकडे होणे, गुडघा सुजणे, हृदयाचे ठोके मंदावणे इथपर्यंत मजल जाते.

आता घरच्या अंगणाकडे वळू. भारतात लाइमचे रुग्ण तुरळक आढळतात, पण त्याच तऱ्हेने फसवणारा दुसरा आजार आपल्या दाराशी आहे, तो म्हणजे स्क्रब टायफस. तो गवत-झुडपांतल्या अगदी बारीक किड्यांच्या अळ्यांमुळे होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्याचा जोर असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याने अनेकांचे बळी घेतले. मध्य प्रदेशातही त्याचे रुग्ण आढळतात. उत्तर प्रदेशात गोरखपूर भागात मुलांचा मेंदूज्वर वर्षानुवर्षे जपानी मेंदूज्वराच्या खात्यावर जमा होत होता. आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांमागे स्क्रब टायफस निघाला. ज्या आजारावर स्वस्त औषध आहे, त्याच आजाराने मुले दगावत होती, कारण तो कुणी शोधतच नव्हते.

इंदुरात पावसाळी ताप आला, की डेंग्यू, मलेरिया आणि विडाल या तीन तपासण्या ठरलेल्या. विडाल तपासणी खोट्या ‘पॉझिटिव्ह’साठी बदनाम आहे, तरी तिच्यावरून टायफॉइड ठरतो आणि त्याची औषधे सुरू होतात. ती बहुधा ज्या गटातली असतात, त्याचा स्क्रब टायफसच्या जंतूवर परिणाम होत नाही. चूक एकट्या डॉक्टरांची नाही. दोन मिनिटांच्या तपासणीत ‘गेल्या तीन आठवड्यांत कुठे गेला होता?’ हा प्रश्न विचारायला वेळ नसतो आणि आपणही आपणहून सांगत नाही. पातालपाणी, चोरल, जानापावची सहल, शेतावरची फेरी, घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवरचे वाढलेले गवत, हे सगळे आपल्याला आजाराशी संबंधित वाटतच नाही.

या आजाराची एक खूण आहे. चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही आणि काख, जांघ, कंबर, स्तनांखाली अशा झाकल्या जागी असते. संकोचामुळे ती दाखवली जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तापात तर ती पाहिलीच जात नाही. सुनेने किंवा लेकीने एकदा नीट पाहिले, तर निदान निम्मे झाले. अर्थात खपली दिसली नाही म्हणून आजार नाहीच, असेही समजू नये. वेळेत निदान झाले, तर डॉक्सिसायक्लिनने दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. मात्र गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

तिसरी गोष्ट कोकणात जाणाऱ्यांसाठी. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात आणि गोव्याच्या सत्तरीत गेल्या दहाएक वर्षांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला, तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी. हाही गोचिडीमुळेच होतो, पण विषाणूचा असल्यामुळे प्रतिजैविके चालत नाहीत. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजेच काजू-आंब्याचा आणि आपल्या गावी जाण्याचा. जंगलात मेलेले माकड दिसले, तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

लाइमच्या उपचारानंतरही काहींना महिनोन्‌महिने थकवा आणि अंगदुखी राहते. महिनोन्‌महिने प्रतिजैविके देऊन त्यात फायदा होत नाही, हे चाचण्यांत दिसले आहे. विश्रांती, हळूहळू वाढवलेली हालचाल आणि ‘रिपोर्ट तर चांगले आहेत, मग झाले काय?’ असे न टोचणारे घर, यांचाच आधार असतो.

तेव्हा करायचे ते थोडेच. गवतात जाताना पूर्ण बाह्या आणि मोजे घालावेत. परतल्यावर अंघोळ करून सारे अंग तपासावे, मुलांच्या केसांत आणि कानामागे पाहावे. गोचीड दिसली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, तेल, काडी यांचे प्रयोग नकोत. लाइमच्या बाबतीत ती चोवीस तासांच्या आत निघाली, तर धोका बराच कमी होतो. आणि एक वही ठेवावी. कुठे गेलो, कधी ताप आला, काय उठले, कोणते औषध घेतले, एवढे तारखेसह लिहावे आणि डॉक्टरांसमोर ठेवावे. लाइम गावात एका आईच्या अशाच नोंदींनी शास्त्रज्ञांना वाट दाखवली होती. आपल्या घरात तेवढ्याने एक ताप वेळेत ओळखला गेला, तरी पुष्कळ झाले.